अचानक लॅग: तुमच्या घरातला चोर कोण निघाला?

सायसाखर
काल रात्री पावणेअकराला ऑनलाइन गेम अडकला (तोच तो लॅग) आणि लेक आतून ओरडला, "आई, आत्ता काय लावलंस?" दूध गरम करत होते, मायक्रोवेव्हमध्ये. एकदम २००२ आठवलं. परळची खोली, दादा डायल-अपवर, म्हणजे फोनच्या तारेवरच्या नेटवर खेळतोय, आईने मावशीला लावायला फोन उचलला की नेट तुटलं. तो तेव्हा अस्साच ओरडायचा. आता ती आई मी!
तर चोर मायक्रोवेव्हच. लेकाच्या डेस्कटॉपला वाय-फाय पकडणारं छोटं डाँगल आहे, राउटर हॉलमध्ये, मध्ये स्वयंपाकघर. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आसपास चालतो, वाय-फायही २.४ वर होतं. दोन मिनिटं दूध, दोन मिनिटं लॅग. ५ गिगाहर्ट्‌झवर टाकलं, थांबलं. तुमच्याकडे काय सापडलं?

भरतीओहोटी
आधी राउटरलाच पिंग लावून ठेवा, म्हणजे कॉम्प्युटरने हाक मारली की उत्तर किती मिलिसेकंदात येतं ते दिसतं. विंडोजमध्ये आज्ञेच्या शेवटी डॅश टी, म्हणजे चालूच राहतं. तिथेच २-३ वरून ४०० झालं तर घोळ घरातला. मी तीन आठवडे केबलवाल्याला शिव्या घातल्या. बिचारा दोनदा येऊन वायर बदलून गेला. चहासुद्धा विचारला नाही मी.

मधला_डबा
आमच्याकडे पिंग ३० वर ठाम आणि तरी स्लाइड-शो. वीस मिनिटं झकास, मग सेकंदाला १४० चित्रांची (फ्रेम) ३५. तापमान लावून बघितलं तर प्रोसेसर ९६ अंश! तापला की तो स्वतःच वेग कमी करतो. टॉवर टेबलाखाली, शेजारी मांजराची गादी. पंख्यातून जे निघालं त्यात दुसरं मांजर झालं असतं. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी पेस्ट आणून लावली, आता ७५ च्या वर जात नाही.

सायसाखर
मांजराचा फोटो टाका

जुना_गिरगावकर
लॅमिंग्टन रोड म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग बरं का, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा, तोच तुम्हाला विचारेल कुठे. शनिवारी जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते.

चौथी_सीट
रोज ८ वाजून १० मिनिटांनी. रोज! मला वाटायचं सर्व्हरवर गर्दी. दोन महिन्यांनी ट्यूब पेटली, बायको ऑफिसातून ८ वाजून १० ला येते. फोन वाय-फायला जोडला गेला की दिवसभराचे फोटो ढगात चढायला लागतात. अपलोडची वाट भरली की गेमच्या माहितीची चिमुकली पाकिटं राउटरमध्ये मागे रांगेत. स्पीड टेस्ट मी दुपारी करायचो, ती कायम छान. राउटरमध्ये अपलोडला मर्यादा घातली, पूर्ण वेगाच्या साधारण ८५ टक्के. पुन्हा त्रास नाही.

भरतीओहोटी
म्हणजे बायको घरी आली की लॅग, असं म्हणायचंय? वहिनींना धागा दाखवू नका

चौथी_सीट
दाखवला. भांडी माझ्याकडे आहेत आज.

पाऊसवेडी
ट्रेनमध्ये आहे, थोडक्यात. भावाचा गेम गुपचूप सिंगापूरचा सर्व्हर धरत होता. तो लॅग म्हणून बोंबलत होता, पण ते नुसतं अंतर आहे. इथून चार हजार किमीच्या आसपास, काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला २ लाख किमी. जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद कोणाच्या बापाला चुकत नाहीत. सेटिंगमध्ये मुंबई निवडली. दादर आलं, उतरते

मधला_डबा
नवीन ग्राफिक्स ड्रायव्हर टाकल्यावर पहिल्या एक-दोन मॅच अडखळल्या तर घाबरू नका. शेडर, म्हणजे गेमचं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, परत बनतात. मी घाबरून विंडोज उडवलं होतं.

जुना_गिरगावकर
मला एक कळलं नाही. मायक्रोवेव्हमध्ये दूध तापवल्यावर साय धरते का नीट?

सायसाखर
नाही हो, पातळ येते. आयडी बदलावा लागेल.

दोन_कटिंग
वाय-फाय सोडा आणि राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत १५ मीटर लॅनची वायर टाका, विषय संपला. आमच्याकडे दाराच्या फटीतून, देव्हाऱ्यामागून नेली आहे. आजी रोज तिला हळदकुंकू लावते, चुकून की मुद्दाम माहीत नाही. लॅग मात्र नाही.

सायसाखर
वायर येईपर्यंत लेकाने फर्मान काढलंय, मॅच चालू असताना दूध गॅसवर. ठेवलं. हा धागा वाचत बसले आणि उतू गेलं, ओटा पुसून येते.