मदत हवी आहे: २८ फुटी शिडाच्या बोटीला हायब्रिड बसवायचंय, मोटर किती किलोवॅटची घेऊ?

सावदेकर
सरळ मुद्द्यावर येतो. बोटीचं जुनं डिझेल इंजिन जाम झालेलं होतं, ते काढून टाकलंय. त्या जागी इलेक्ट्रिक मोटर, लिथियम बॅटरी आणि जोडीला छोटा जनरेटर असं हायब्रिड करायचंय. शिडावर चालताना बोटीखालचा पंखा (प्रॉपेलर) पाण्याच्या जोरानं फिरून बॅटरी चार्ज झाली पाहिजे, वर सोलर. बंदरातल्या विजेच्या किंवा डिझेलपंपाच्या भरवशावर राहायचं नाही.

मोटर किती किलोवॅटची? बॅटरी किती ॲम्पिअर-अवरची? लेथवाला शाफ्टचं ड्रॉइंग मागतोय, रोज फोन करतो. आठवड्यात ठरवायचंय. गूगल करा म्हणू नका, केलंय. प्रत्येक व्हिडिओत वेगळंच सांगतात.

तापीकाठचा
बोटीचं वजन? कुठल्या पाण्यात चालवणार? दिवसातून किती तास मोटर चालेल? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग आकडा कोण देणार?

सूर्यपुत्र_जळगाव
दादा, जनरेटरची गरजच नाही. आम्ही शेतात ५ एचपीचे सोलर पंप बसवतो, दिवसभर पाणी ओढतात. बोटीवर ३ किलोवॅट पॅनल टाका, विषय संपला. कोटेशन हवं तर मेसेज करा.

चीफ_रत्नागिरी
३ किलोवॅट पॅनल २८ फुटी शिडाच्या बोटीवर कुठं टाकणार, तेवढं सांगा. साडेपाचशे वॅटचं एक पॅनल सव्वादोन मीटर लांब आणि मीटरभराहून रुंद असतं. मागच्या कमानीवर एक बसेल, ओढूनताणून दीड. शिवाय शीड आणि बूमची, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याची सावली. एका कोपऱ्यावर सावली पडली तरी उत्पादन धाडकन उतरतं.

सावदेकर, तापीकाठच्यांनी विचारलंय ते आधी सांगा.

सावदेकर
वजन साडेतीन टन, वॉटरलाइनला, म्हणजे पाणी टेकतं तिथं, लांबी २४ फूट. रत्नागिरीहून गोवा, कोची, तिथून लक्षद्वीप. पुढचं पुढे. किती तास चालेल ते आत्ता कसं सांगू? वारा असेल तेव्हा शीड, नसेल तेव्हा मोटर.

रिक्षा_डॉक्टर_धुळे
भाऊ, ई-रिक्षानी मोटर लाव, काही होत नही. ४८ व्होल्ट, कंट्रोलरसकट मिळते, जळाली तर कुठल्याही गावात दुसरी. एवढा खर्च कशाला?

लोकोकाका_भुसावळ
रिक्षाची मोटर समुद्रात? खारा दमट वारा वाइंडिंगमध्ये शिरला की महिन्यात इन्सुलेशन बसेल. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे थ्रस्ट बेअरिंग. पंखा बोटीला पुढे ढकलतो, तो सगळा रेटा शाफ्टमधून मागून पुढे येतो. जुन्या इंजिनात तो गिअरबॉक्स झेलत होता. आता गिअरबॉक्स गेला. शाफ्ट सरळ मोटरला जोडला तर रेटा मोटरच्या साध्या बॉल बेअरिंगवर. चार दिवसांत घरघर सुरू. लेथवाल्याला ड्रॉइंग देण्याआधी थ्रस्ट बेअरिंगचं हाऊसिंग कुठं बसणार ते ठरव, बाळा.

आता हायब्रिडबद्दल. मी सगळी नोकरी इंजिनांमध्येच काढली. डब्ल्यूडीएम-२ सारख्या रेल्वेच्या डिझेल इंजिनात डिझेलचा चाकाशी थेट संबंधच नसतो. डिझेल जनरेटर फिरवतं, त्या विजेवर ट्रॅक्शन मोटर चालतात. तू तेच कर. मोटर शाफ्टवर, जनरेटर कुठंही. त्याला सिरीज हायब्रिड म्हणतात आणि ते रुळावर सिद्ध झालेलं आहे.

चीफ_रत्नागिरी
काका, आदर आहेच, पण रुळावरचं गणित पाण्यात चालत नाही. हजारो टनांची गाडी जागेवरून उचलायला क्लच टिकत नाही, म्हणून रेल्वेनं वीज मधे घातली. बोटीचा पंखा पाण्यात घसरत घसरत जोर पकडतो, त्याला साधा गिअर पुरतो. शिवाय तुमच्या इंजिनात मधे बॅटरी नसते. इथं जनरेटर, चार्जर, बॅटरी, कंट्रोलर, मोटर. प्रत्येक टप्प्यावर थोडं सांडत जातं, शाफ्टपर्यंत १५ ते २० टक्के गायब. डिझेल जाळायचंच असेल तर थेट पंख्याला द्या. माझं मत स्पष्ट आहे: नवं छोटं डिझेल बसवा, मोटर हवी तर त्याच शाफ्टवर बेल्टनं जोडा. तो पॅरलल हायब्रिड.

लोकोकाका_भुसावळ
आणि तुमचं ते छोटं डिझेल बंदरात शिरताना निम्म्याहून कमी लोडवर तासन् तास फुरफुरणार. सिलिंडर गुळगुळीत होतात, कार्बन धरतो, मग तेल पितं. जनरेटर तसा चालतच नाही. चालला तर पुऱ्या लोडवर, बॅटरी भरली की बंद. तुमच्या १५ टक्क्यांतले निम्मे तिथंच वसूल.

गप्पिष्ट
'म्हादेई' बोटीलापण इलेक्ट्रिक होतं का? दिलीप दोंदेंनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली ती.

चीफ_रत्नागिरी
नाही, डिझेल होतं. आणि ती ५६ फुटी. इथं तिचा संबंध नाही.

मीनल_कोची
मी मूळची अमळनेरची, सध्या कोचीत. इथं २०१७ पासून वैक्कमला 'आदित्य' ही ७५ प्रवाशांची सोलर फेरी चालते आणि २०२३ पासून वॉटर मेट्रोच्या हायब्रिड बोटी. दोन्ही उत्तम चालतात. पण त्यांचा मार्ग ठरलेला, अंतर ठरलेलं, पाणी शांत. रोज किती वीज लागेल हे आधीच माहीत असतं. सावदेकर, तुमचं नेमकं उलट आहे. म्हणून किलोवॅटआधी वेग ठरवा. साडेतीन टनी बोटीला सपाट पाण्यात अंदाजे असं लागतं: ३ नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) पाऊण किलोवॅट, ४ नॉटला दीड, ५ नॉटला तीन, ६ नॉटला सहा-सात. वॉटरलाइन २४ फूट म्हणजे साडेसहा नॉटच्या पुढे कितीही ताकद लावा, बोट स्वतःच्याच लाटेत अडकते.

४८ व्होल्टचा पॅक घ्या, १६ सेल, २८० ॲम्पिअर-अवर. चौदा युनिट आणि थोडं वर. त्यातले ऐंशी टक्के वापरा. ३ नॉटनं पंधरा तास जाल, ४५ सागरी मैल. ५ नॉटनं पावणेचार तास, १९ मैल. बॅटरी तीच. घाई महागात पडते ती अशी.

सावदेकर
हे कामाचं बोललात ताई. म्हणजे ६ किलोवॅट मोटर पुरे?

मीनल_कोची
सतत ६ देणारी. काही विक्रेते शिखराचा आकडा छापतात, तो मिनिटभरापुरता असतो. आणि हवेवर थंड होणारी असेल तर इंजिनाच्या बंद कप्प्यात ती तेवढीही देणार नाही. वारा खेळेल अशी जागा ठेवा.

सूर्यपुत्र_जळगाव
एका पॅनलवरसुद्धा रोज दीड-दोन युनिट मिळतात. सहा-आठ दिवस नांगरून थांबले की बॅटरी फुल.

चीफ_रत्नागिरी
आणि फ्रिज, दिवे, जीपीएस, ऑटोपायलट काय वाऱ्यावर चालतात? ते दीड युनिट तेच खातात. पॅनल लावाच, नाही म्हणत नाही. फक्त ते घरखर्चाला आहे हे लक्षात ठेवा.

सावदेकर
शिडावर चालताना जे चार्जिंग होतं त्याचं कुणीच बोलत नाही. माझा सगळा भरवसा त्याच्यावर आहे.

चीफ_रत्नागिरी
तिथंच गडबड आहे. ५ नॉटवर शंभर-दीडशे वॅट. रात्रभरात एक-दीड युनिट. ७-८ नॉटवर भरपूर मिळतं, पण तुमची बोट तिथं पोचतच नाही. वर पंखा अडवणूक करतो, पाव-अर्धा नॉट वेग जातो. आणि शिडाच्या बोटींना सहसा मिटणारा पंखा लावतात, तो हे काम धड करत नाही. फुकट काही नसतं.

लोकोकाका_भुसावळ
वारा फुकट असतो ना, चीफ? आमची थ्री-फेज इंजिनं घाटात उतरताना वीज परत तारेत टाकतात. तिथं आधी खर्चलेलंच परत मिळतं. याला तर वाऱ्याचं मिळतंय. लांबच्या सफरीत दिवसाचे चोवीस तास शंभर वॅट म्हणजे जवळपास अडीच युनिट. पॅनलपेक्षा जास्त झाले.

चीफ_रत्नागिरी
चोवीस तास ५ नॉटनं नेणारा वारा आपल्या किनाऱ्यावर? काका, एकदा या. पहाटे मतलई वारे असले तर असले, सकाळी दहापर्यंत समुद्र तेलासारखा. दुपारी खारे वारे उठतात, संध्याकाळी मरतात. चालायचं ते दुपारचं. रात्री शीड लटकतं, भोवती मासेमारीची जाळी, त्यातून पंख्यावरच वाट काढायची. पंख्यात जाळं अडकलं तर डिझेल बंद पडतं म्हणून कळतं, मोटर मात्र ओढत राहते आणि कंट्रोलर जाळते. करंट लिमिट नीट लावा.

आणि एक प्रश्न. बंदराच्या तोंडाशी २५ नॉट वारा समोरून, मागे खडक. तेव्हा तास-दोन तास सलग ५ किलोवॅट लागतील. बॅटरी निम्मी असेल तर?

लोकोकाका_भुसावळ
म्हणूनच जनरेटर. ५ किलोवॅटचा डिझेल जनरेटर चालू केला की पंख्यावर चार येतात, वर बॅटरीतलं. डिझेलच्या एका लिटरमधून शाफ्टवर साधारण अडीच युनिट निघतात. २० लिटरचा एक कॅन म्हणजे पन्नास युनिट, मीनलताईंच्या पॅकसारखे साडेतीन पॅक. डिझेलपंपाच्या भरवशावर नाही म्हणतोस, पण दोन कॅन तरी ठेवावे लागतीलच.

रिक्षा_डॉक्टर_धुळे
मग पेट्रोलचा पोर्टेबल जनरेटर घ्या ना, लग्नात लावतात तो. हलका, स्वस्त.

मीनल_कोची
नका, अजिबात नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या तळात साचते आणि एका ठिणगीची वाट बघत बसते. शेतात ती उडून जाते, बोटीला तळाशी भोकच नसतं. वर केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड. डिझेलचाच घ्या, धूर बाहेर काढणारी पाइप नीट बसवून.

नवापूरचा
उकाईच्या बॅकवॉटरला आमच्याकडे सगळ्या नावा डिझेलवरच. नर्मदेच्या काठाला अक्कलकुवा, धडगावकडे तर तरंगता दवाखानाही आहे. तिथं हे सोलर-बिलर का करत नाही सरकार? तुम्ही लक्षद्वीपला जाणार आणि इथं डिझेलच्या धुरात पेशंट.

तापीकाठचा
प्रश्न रास्त आहे, पण धागा वेगळा. सावदेकर, बोट सध्या रत्नागिरीलाच आहे ना? तिथला कोणी माणूस शाफ्ट बघेल तर बरं.

सावदेकर
नाही, बोट सावद्याला आहे. केळीच्या पॅकिंग शेडमध्ये. ट्रेलरवर आणली.

चीफ_रत्नागिरी
काय??

गप्पिष्ट
समिंदर कुठे नि सावदं कुठे! मग तापीतूनच सुरतेला घेऊन जा की.

तापीकाठचा
हतनूर, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, उकाई, काकरापार. इतके अडसर पार करेपर्यंत बोटीची नातवंडं होतील.

सावदेकर
ट्रेलरनंच परत नेणार. घरी वेल्डिंग, कटर, माणसं सगळं आहे, यार्डात दिवसाला भाडं कापतात. ट्रायल मात्र हतनूरच्या बॅकवॉटरला घ्यायची आहे.

लोकोकाका_भुसावळ
कील, म्हणजे तळाचा कणा, किती खोल?

सावदेकर
दीड मीटर.

लोकोकाका_भुसावळ
हतनूरला गाळ किती साचलाय माहीत आहे ना? काठाला कमरेएवढ्या पाण्यातच रुतेल. पाटबंधारेवाल्यांची परवानगी तर लागेलच, आणि हायड्रा क्रेन पार काठापर्यंत न्यावी लागेल, तिची चाकं काळ्या मातीत गेली की ती काढायला दुसरी हायड्रा. त्यापेक्षा शेडमध्येच मोटर बेंचवर चालव, ताण देऊन करंट मोज.

मीनल_कोची
शेड पत्र्याची आहे का?

सावदेकर
हो. का?

मीनल_कोची
मग लिथियम सेल आत्ता आणूच नका. मे महिन्यात तुमच्याकडे बाहेर ४५, पत्र्याखाली त्याहून जास्त. त्या तापमानाला सेल नुसते ठेवले तरी आयुष्य झिजतं, पूर्ण चार्ज करून ठेवले तर आणखी. पावसाळा लागल्यावर मागवा. आधीच घेतले असतील तर निम्मे चार्ज ठेवून घरात, जमिनीवर, थंड खोलीत.

सावदेकर
घेतले नाहीत अजून. बरं झालं विचारलंत.

परवाना_मित्र
लक्षद्वीपला जायला प्रवेश परवाना लागतो, भारतीयांनाही. आधी अर्ज करा.

सावदेकर
धन्यवाद, पण तो प्रश्न नव्हता. मी आता असं धरतो: सतत ६ किलोवॅट मोटर, ४८ व्होल्ट, २८० चा एक पॅक, डिझेल जनरेटर, मागे एक पॅनल. मिटणारा नको, तीन पात्यांचा स्थिर पंखा. जुना १५ इंची आहे, तोच ठेवतो. चालेल?

चीफ_रत्नागिरी
मी असतो तर डिझेल. पण करताच आहात तर ऐका. १५ इंची पंखा हजार आरपीएमच्या आत शांतपणे काम करतो, मोटर तीन हजारच्या आसपास फिरते. मधे दातेरी बेल्टनं तिप्पट रिडक्शन. शाफ्ट स्टेनलेस ३१६, पण मोटर आणि शाफ्टमध्ये इन्सुलेटेड कपलिंग. बॅटरीची दोन्ही टोकं शाफ्टपासून आणि पाण्यापासून पूर्ण वेगळी ठेवा. खाऱ्या पाण्यात किंचित डीसी गळती झाली तरी पंखा दोन महिन्यांत चाळणी होतो. पंख्याऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा ॲनोड दर हंगामात बदला.

मीनल_कोची
आणि पॅकच्या धन टोकाला, अगदी सेलजवळ, क्लास टी फ्यूज. साधा ट्रकचा नाही. एवढा लिथियम पॅक शॉर्ट झाला तर साधा फ्यूज वितळूनही आर्क चालू राहतो.

लोकोकाका_भुसावळ
लेथवाल्याला सांग, थ्रस्ट बेअरिंगचं हाऊसिंग बोटीच्या लाकडी पट्टीवर नको, जुन्या इंजिनाच्या बेडवर बोल्ट कर. आणि शाफ्टचा जुना टेपर, म्हणजे निमुळतं टोक, कापू नकोस. पंखा त्यावर बसलेला आहे, तेच माप धर.

सावदेकर
उद्या जुना शाफ्ट काढून माप टाकतो. काका, जमलं तर एकदा शेडवर या, भुसावळहून लांब नाही.

लोकोकाका_भुसावळ
येतो रविवारी. भरीत असेल तर.

रिक्षा_डॉक्टर_धुळे
आमले बी बलावजो भाऊ. मोटर मी लई येस.

किसान_रावेर
नमस्कार. माझी विहिरीवरची ५ एचपी मोटर रात्रीच्या लाइटवर चालते. वर सांगितलेल्या २८० च्या बॅटरीवर ती किती तास चालेल? स्टार्टर जुना आहे.

सावदेकर
दादा, वेगळा धागा काढा.