मदत हवी आहे: जिल्हा परिषदेची शाळा पारखायची कशी?

मुलगी जूनमध्ये पहिलीला जाईल. चालत दहा मिनिटांवर जिल्हा परिषदेची शाळा आहे. चौथीपर्यंत, पट ४७, शिक्षक दोन. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) निकषात हे बसतं (६० पर्यंत दोन), पण एकेका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग आहेतच. यूडायसवर (शाळांची माहिती देणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर) खोल्या, शौचालय, वीज सगळं 'आहे'. शिकवणं कसं, ते तिथे कुठून कळणार! एकदा जाऊन आले. खिचडी चांगली, बाई बोलक्या. तिसरीतल्या मुलाने धडा घडाघडा वाचला, पण तो पाठ असावा असं वाटलं. इंग्रजी माध्यम नकोय, कृपया खासगी शाळा सुचवू नका. शनिवारी पुन्हा जाणार आहे. तासाभरात मुलांकडून काय करून घेऊ, वह्यांत नेमकं काय बघू, आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना काय विचारू?