स्विमिंग पूल रिकामा करायचाय, पाणी सोडू कुठं?

प्रेषक: खानापूरवाला (मुक्काम फिनिक्स)

नमस्कार मंडळी,
फराळ पचला असेल तर एक प्रश्न विचारतो. तीन वर्षांमागं घर घेतलं, मागच्या अंगणात पूल आहे, 15,000 गॅलनचा. पहिली दोन वर्षं बरं चाललं, या उन्हाळ्यात मात्र क्लोरिन कितीपण टाका, पाणी हिरवं ते हिरवंच. वरनं टाइलवर पांढरा थर बसलाय, व्हिनेगरनं घासलं, ब्रशनं घासलं, हलायला तयार नाही. काल बाटलीत पाणी घेऊन दुकानात गेलो, टेस्टमध्ये सायन्युरिक ॲसिड (क्लोरिनला उन्हात टिकवणारं रसायन) 140 आणि कॅल्शियम हार्डनेस (पाण्यातला चुना) 900 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग. काउंटरवरचा पोरगा म्हणाला ड्रेन अँड रिफिल, म्हणजे पाणी काढून नवीन भर, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला. आता हे करायचं कसं? बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, वाळवंटात राहून 57 हजार लिटर पाणी गटारात सोडणार, अक्कल गहाण ठेवलीस काय. तेव्हापासनं मला पण कसंतरीच वाटायलंय. कुणाकडं सबमर्सिबल पंप आहे का? आणि पाणी रस्त्यावर सोडलं तर चालतं का?

प्रेषक: टिळकवाडीचे काका

अरे बाळा, रस्त्यावर सोडू नकोस. पहिलं ते. बाकीचं चहा घेऊन लिहितो.

प्रेषक: टिळकवाडीचे काका

हां, आता बसलो. नवीन मंडळींसाठी सांगतो, मी 18 वर्षं फिनिक्सला काढली, आता बेळगावात परत येऊन पण झाली चार वर्षं, आपल्या या मेल-लिस्टवरनं नाव काही काढवत नाही. इथं आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही, आला की पिंपं, टाकी, बादल्या, सगळं भरून घ्यायचं, राकसकोप धरण भरलं का नाही यावर जुलैमध्ये कट्ट्यावर चर्चा. त्यामुळं तुझे बाबा काय म्हणतात ते मला इथं बसून चांगलं कळतं. 57 हजार लिटर म्हणजे पाच हजारी टँकरचे अकरा टँकर. पण तुझा पूल का बिघडला ते आधी समजून घे, मग पाप-पुण्याचं बघू.

पुलाचं तोंड 400 चौरस फूट धर. तिकडच्या उन्हात वर्षाला साधारण सहा फूट पाणी उडतं. हिशेब केलास तर 18 हजार गॅलन होतं. पूल पंधराचा, उडतंय अठरा! अख्खा पूल दरवर्षी वर जातो आणि तुला पत्ता लागत नाही कारण ऑटोफिल गपचूप भरत बसतो. आता उडतं ते नुसतं पाणी, चुना न् मीठ खालीच राहतं. आमटी आटली की खारट होते की नाही, तसं, आणि तू वरनं जे पाणी घालतोस ते पण गोडं नव्हे, कोलोरॅडो नदीचं 336 मैल कालव्यातनं आलेलं नाहीतर सॉल्ट-व्हर्डे नद्यांचं, त्यात आधीच 250 च्या आसपास हार्डनेस. तीन वर्षांत 900, बरोबर बसतंय. दुकानातली टेस्ट खोटी नाही.

सायन्युरिकची गोष्ट वेगळी, ते तुझ्या क्लोरिनच्या गोळ्यांतनं आलंय. ट्रायक्लोरची गोळी वजनानं निम्म्याहून जास्त सायन्युरिकच असते, तुझ्या पुलात एक मोठी गोळी विरघळली की दोनेक पीपीएम वाढलं समज. थोडं लागतंच, नसलं तर सकाळी टाकलेलं क्लोरिन दुपारच्या उन्हात गायब. पण 30 ते 50 बास. 140 झालं की ते क्लोरिनला असं धरून ठेवतं की शेवाळाला मारायला मोकळं क्लोरिन उरतच नाही. ते उडत नाही, साध्या फिल्टरनं निघत नाही. पाणी बदलायचं, दुसरा सोपा इलाज नाही.

पण अख्खं कशाला बदलतोस? निम्मं काढलंस तर सायन्युरिक 70, हार्डनेस 575 च्या घरात. दोन तृतीयांश काढलंस तर 47 आणि 467. एवढ्यावर भागतं. खाली दोन-तीन फूट पाणी राहिलं की प्लास्टर पण ओलं राहतं, बाबांना पण सांगता येतं की सगळं नाही सोडलं.

आणि आत्ताच कर, नोव्हेंबरमध्ये. दिवसाचं तापमान 85 फॅरनहाइटच्या खाली पाहिजे. मी शहाणपणा करून एकदा जूनमध्ये रिकामा केला होता, एका कंत्राटदारानं सांगितलं दोन दिवसांत घासून देतो, तो आला पाचव्या दिवशी, तोवर 42 अंश सेल्सिअसमध्ये कोरडं प्लास्टर तडकून पापड झालं. त्या तड्यांचा खर्च मी अजून बायकोला नीट सांगितलेला नाही, ती लिस्टवर नाही म्हणून इथं लिहितोय. आणखी एक, तिकडच्या बऱ्याच गावांत थंडीतल्या महिन्यांच्या पाण्याच्या वापरावरनं पुढच्या वर्षभराचं सांडपाण्याचं बिल ठरतं. जानेवारीत पूल भरलास तर वर्षभर भोगशील.

पाणी सोडायचं घराच्या सीवर क्लीनआउटमध्ये, म्हणजे सांडपाण्याची नळी साफ करायच्या तोंडात. जमिनीतनं वर आलेला तीन-चार इंची पाइप असतो, वर स्क्रूचं झाकण, बहुतेक घरांच्या पुढच्या बाजूला झाडाझुडपात लपलेला. हुडकून काढ. पंपाचा पाइप त्यात थोडा आत सोड पण तोंड कापडानं गच्च बंद करू नकोस, हवेला जागा ठेव. फिनिक्समध्ये मिनिटाला 12 गॅलनपेक्षा जोरात सोडू नका म्हणतात, नाहीतर घरातल्या बाथरूममधनं पाणी वर येईल. दहा हजार गॅलनला 14 तास लागतील, घाई करू नकोस. सुरू करायच्या आधी ऑटोफिल बंद, पुलाची मोटर ब्रेकरवरनं बंद, पुलातला लाइट पण बंद, तो पाण्याखालीच थंड राहतो.

प्रेषक: निपाणीची वहिनी, मेसा

काका, छान सांगितलंत, पण आमच्यात काय झालं ते पण ऐका. आमचे हे म्हणाले पाणी वाया कशाला, बागेला सोडू. बर्म्युडा गवताला काही झालं नाही, कण्हेर पण तशीच हसत उभी, पण माझं लिंबाचं झाड, मी रोप असल्यापासनं वाढवलेलं, महिन्याभरात पानं कडेनं करपली न् गळून गेली. लिंबू-संत्र्याला ते खारं पाणी मुळीच सोसत नाही. बागेला द्यायचंच असेल तर आधी चार-पाच दिवस क्लोरिन टाकणं थांबवा, एक पीपीएमच्या खाली येऊ दे, न् फक्त गवताला, न् शेजाऱ्याच्या भिंतीकडं वाहू द्यायचं नाही. पंप आमच्याकडं आहे, येऊन घेऊन जा, येताना मोकळ्या हातानं येऊ नका म्हणजे झालं.

प्रेषक: शहापूरकर, टेंपी

वाळवंटात पाणी बदलणं पटत नसेल तर रिव्हर्स ऑस्मोसिसचा ट्रेलर घरी बोलवता येतो, पुलातलं पाणी आत घेऊन चुना, मीठ, सायन्युरिक काढतो आणि बरंचसं पाणी परत पुलात सोडतो. महाग पडतो. 2021 च्या ऑगस्टमध्ये कोलोरॅडोवर पहिल्यांदा टंचाई जाहीर झाली आणि 2022 पासनं ॲरिझोनाचं पाणी कापायचं ठरलं, तेव्हापासनं मी तरी तेच करतो. ज्याचा त्याचा प्रश्न.

प्रेषक: जांबोटीवाला

ऑस्टिनहून परत येऊन जांबोटीला फार्महाऊस बांधलंय, तिथं फायबरचा छोटा पूल बसवलाय. तुमच्याकडं पाणी उडतं ओ, आमच्याकडं पूल उडतो. जुलैमध्ये पाऊस धो धो, पूल घाण झाला म्हणून गड्याला सांगितलं उपसून टाक. सकाळी बघतो तर एक कोपरा वीतभर वर! जमिनीत पाणी तुंबलेलं, वरचं वजन गेलं, टब होडीसारखा उचलला. आजोबा म्हणायचे, विहिरीचा गाळ काढायचा तो वैशाखात, पावसात उपसली तर भरल्या मातीच्या दाबानं कड आत येते. पोहायला आम्ही त्याच विहिरीत शिकलो पाठीला डबा बांधून, पण हे ध्यानात नाही राहिलं. फिनिक्सला जमिनीतलं पाणी खोल असतं, पण तुझा पूल गळका असला किंवा नुकताच मोठा पाऊस पडला असला तर तिथं पण थोडं थांबच.

प्रेषक: खानापूरवाला (मुक्काम फिनिक्स)

मंडळी, काम झालं.

क्लीनआउट हुडकायला दीड तास गेला, शेवटी पुढच्या कण्हेरीच्या बुंध्याशी सापडला, झाकण इतकं जाम की पान्याला पाइप लावून फिरवावं लागलं. वहिनींचा पंप शनिवारी पहाटे सहाला लावला. पहिल्यांदा सगळा जोर सोडला तर पाहुण्यांच्या बाथरूममध्ये गुडगुड आवाज यायला लागला, काकांचं आठवलं, व्हॉल्व्ह आवळला, मग गप झालं. बादली लावून मोजलं, पाच गॅलनची बादली 25 सेकंदांत भरेल असा ठेवला. रात्री आठला दोन तृतीयांश उतरलं. उघड्या पडलेल्या टाइलवरचा थर प्युमिस दगडानं घासून काढला, निघतो, पण खांदे पण निघतात.

भरायला लगेच पाइप लावला, तोंडाला जुना मोजा बांधून, नाहीतर धारेनं प्लास्टर खरवडतं. मध्ये बंद करायचं नाही म्हणतात, तिथंच रेघ उठते, म्हणून रात्रीत दोनदा उठून बघितलं. रविवारी संध्याकाळी पाचला भरला. आज टेस्ट केली, सायन्युरिक 50, हार्डनेस 480. गोळ्यांचा डबा शेजाऱ्याला देणार होतो पण त्याचं पण वाटोळं कशाला, कपाटातच ठेवला. आता लिक्विड क्लोरिन.

रविवारी सकाळी बाबांना व्हिडिओवर दाखवलं. पाप-बीप सगळं विसरले, निम्म्या पुलात पडणारी ती बारकी धार बघून म्हणाले, असल्या पाइपनं भरायलायस? अरे मग आपल्या विहिरीवरची पाच एचपी पाठवून देऊ काय.

वहिनी, पंप शनिवारी आणून देतो. दुधाचा गोड कुंदा आलाय गावाकडनं, निम्मा तुमचा.