द्रवातलं एएफएम (अणुबल सूक्ष्मदर्शन): अजून मऊ कॅन्टिलिव्हर घेऊ का?

नॅनोवारी:
अभ्रकावर लिपिडचा दुहेरी थर पसरून बफरमध्ये कॉन्टॅक्ट मोडने (सुई सतत टेकवून) स्कॅन करतेय. थरातली प्रथिनं पहिल्या स्कॅनमध्ये छान दिसतात, दुसऱ्यात जागची सरकलेली. कॅन्टिलिव्हर, म्हणजे टोकाला टीप (सुई) असलेली लवचिक पट्टी, सिलिकॉन नायट्राइडचा, लांबी 310 मायक्रॉन, ताठपणा 0.01 न्यूटन प्रति मीटर, मागे सोन्याचा मुलामा. पाण्यात रेझोनन्स (स्वाभाविक कंपनाची वारंवारता) जेमतेम 1 किलोहर्ट्झ. सेटपॉइंट (टीपचं ठरवून दिलेलं बल) 100 पिकोन्यूटनला लावला तरी थोड्या वेळाने दाब वाढलेला असतो, नाहीतर टीप पृष्ठभाग सोडून देते. याहून मऊ प्रोब (टीपसकट कॅन्टिलिव्हर) घ्यावा का?

सूक्ष्मदर्शी:
मऊ नको, आखूड घ्या. माझं ठाम मत आहे.

पाण्याचे रेणू कॅन्टिलिव्हरला सतत धडका देत असतात. ठरावीक बँडविड्थमधला (वारंवारतांच्या टप्प्यातला) बलाचा नॉइज किती, हे द्रवाच्या अवरोधावर ठरतं, नुसत्या मऊपणावर नाही. पट्टी जेवढी मोठी तेवढा अवरोध जास्त. 38 मायक्रॉन लांब, 16 रुंद, 0.1 न्यूटन प्रति मीटरचे प्रोब मिळतात. पाण्यात त्यांचा रेझोनन्स 25 किलोहर्ट्झच्या आसपास असतो. 1 किलोहर्ट्झ बँडविड्थ धरून हिशेब केला: तुमच्या प्रोबला ढोबळ 5 पिकोन्यूटन, याला 2.5. दहापट ताठ असूनही नॉइज निम्मा! शिवाय तो चपळ असतो, त्यामुळे प्रथिनाची कड लागताच फीडबॅकला (बल स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेला) टीप उचलायला वेळ मिळतो. तुमची प्रथिनं ढकलली जातात ती बहुधा याच क्षणी.

दाब वाढण्यामागे मात्र सोनं आहे असं वाटतं. सोनं आणि नायट्राइड तापमानाला वेगवेगळे प्रसरण पावतात, त्यामुळे पट्टी वाकते; शिवाय सोन्याच्या थरातला ताणही हळूहळू सैल होत राहतो. तुमच्या पट्टीचं टोक 10 नॅनोमीटर सरकलं की झाले 100 पिकोन्यूटन, म्हणजे अख्खा सेटपॉइंट. ताठ प्रोबला तेवढ्यासाठी 1 नॅनोमीटर पुरतो, म्हणून आखूड प्रोब घेतला तरी सोन्याचा प्रश्न सोडवावाच लागेल.

बफर:
सोनं काढून टाकण्याचा उपाय खरंच चालतो. कोलोरॅडोतल्या 'जिला' (JILA) या संशोधन संस्थेतल्या गटाने 2012 मध्ये मुलामा काढलेल्या कॅन्टिलिव्हरवर एका पिकोन्यूटनच्या आतलं स्थैर्य दाखवलं. आयोडीन आणि पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात सोनं विरघळतं; खाली क्रोमियम असेल तर त्याला वेगळं द्रावण लागतं. पण पट्टीचं वाकणं मोजणारा लेझर नुसत्या नायट्राइडवरून फारच कमी परततो, आणि नमुन्यावरून परतलेला प्रकाश त्यात मिसळून मोजणीत लाटा उमटतात. त्यामुळे लेझर पडतो तेवढ्या टोकाशीच सोनं ठेवणं मला जास्त पटतं.

नॅनोवारी:
आणि टीप? धारदार घेतली तर बारकावे जास्त दिसतील ना?

सूक्ष्मदर्शी:
दिसतील, पण दाबही बघा. 100 पिकोन्यूटन 1 नॅनोमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर पडले तर सुमारे 32 मेगापास्कल होतात. त्रिज्या 3 झाली की साडेतीन. लिपिडसारख्या मऊ थराला हा फरक फार मोठा आहे. धारदार टीप वापरायची असेल तर आधी ड्रिफ्ट (बलाचं हळूहळू सरकणं) आवरा, मग सेटपॉइंट 50 च्या खाली आणा. आणि आखूड प्रोब बसवण्याआधी तुमच्या यंत्रातल्या लेझरचा ठिपका किती रुंद आहे ते पाहा. 16 मायक्रॉनच्या पट्टीबाहेर उजेड सांडत असेल तर वर म्हटलेल्या लाटा मुलामा असूनही दिसतील.

नॅनोवारी:
ठिपका अजून मोजलेला नाही. उद्या सकाळी तेच पहिलं काम करते, थर्मल स्पेक्ट्रमसकट (उष्णतेने होणाऱ्या पट्टीच्या कंपनांच्या आलेखासकट).