विल्यम मिलरबद्दल मदत हवी आहे, संशय गेला कसा?

नमस्कार मंडळी, एमएच्या सेमिनारसाठी विल्यम मिलर घेतलाय, न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी, आधी डीइस्ट होता म्हणजे देवाने जग केलं पण आता तो त्यात लक्ष घालत नाही असं मानणारा. 1814 ला प्लॅट्सबर्गच्या लढाईत समोर एवढी मोठी ब्रिटिश फौज असून अमेरिकन जिंकले, तिथूनच त्याचा हा विचार हलायला लागला म्हणतात. मग 1816 पासून दोन वर्षं गडी बायबल आणि क्रूडनची शब्दसूची (बायबलातला कुठला शब्द कुठे येतो त्याची यादी) एवढंच घेऊन बसला, एकेक वचन, अडलं की तोच शब्द दुसरीकडे कुठे आलाय ते शोधायचं, टीकाग्रंथ बाजूला. आणि बायबलातल्या दानीएलाच्या पुस्तकातल्या 2300 दिवसांची तेवढीच वर्षं धरून, येशू ख्रिस्त परत येणार ते साल म्हणून थेट 1843 वर पोचला!

माझी गाडी इथेच अडलीय. बुद्धीवर भरवसा म्हणून धर्म सोडला आणि परत आला तोही हिशोब करूनच, मग याला श्रद्धा म्हणायची की तोच जुना बुद्धिवाद? सर म्हणतात श्रद्धा, मला नाही पटत. त्यात हा माणूस 1831 पर्यंत जाहीर बोललाच नाही, ते का? कुणी वाचलं असेल तर प्लीज सांगा, आणि डीइस्टला मराठीत नेमकं काय लिहू?