एअर सस्पेन्शन की कॉइल स्प्रिंग? (आईचे गुडघे आणि वेल्ह्याचा रस्ता)

प्रश्न
नमस्कार मंडळी. सेकंड हँड एसयूव्ही बघतोय. मॉडेल एकच, गाड्या दोन: एक कॉइलवाली (चाकांवर साधी लोखंडी स्प्रिंग), एक एअरवाली (स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी बॅगा, गाडीची उंची कमी-जास्त करता येते). नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा ब्रँडच्या भांडणातच संपेल.

वेल्ह्याच्या पुढे आमचं शेत आहे. शेवटचे तीन किलोमीटर नुसते दगडगोटे, पावसाळ्यात दोन ओढे. कागदावर एअरच भारी वाटतं. उदाहरणाला लँड रोव्हरच्या नव्या डिफेंडर ११० चंच बघा: एअर असेल तर गाडी उचलून २९१ मिमी क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची), कॉइलला त्याहून बरंच कमी. किती खोल पाण्यातून जाते, त्यातही ९०० मिमी विरुद्ध ८५०.

पण खरा प्रश्न आईचा आहे. वय ७४, दोन्ही गुडघे गेलेले. एअरवाली उभी राहिली की पाचेक सेंटिमीटर खाली बसते, आई सहज चढली. कॉइलवालीत एक पाय वर टाकला, दांडा धरला आणि तशीच थांबली. "थांब रे, दम खाऊ दे."

उत्तर १
माझं साताऱ्यात गॅरेज आहे. दादा, आधी गाडीचं वय बघा. एअर बॅग म्हणजे शेवटी रबर. गाडी पूर्ण उंच करा, टॉर्च घेऊन खाली वाका, घड्यांमध्ये चिरा दिसतात का बघा. शाम्पूचं पाणी मारलं की बुडबुडे चुगली करतात. रात्री चारही चाकांच्या मधल्या टोपीपासून वरच्या कमानीपर्यंत टेप लावून मापं लिहून ठेवा, सकाळी गाडी चालू न करता परत मोजा. एकच कोपरा बसला तर बॅग किंवा पाइप. बरेच जण थेट कॉम्प्रेसर बदलतात आणि नवाही जाळतात, कारण गळती तशीच राहते आणि तो बिचारा दिवसभर हवा भरत बसतो.

उत्तर २
स्पितीत भोगलंय. एअरवाली होती. ड्रायरमधले (हवेतला ओलावा शोषणाऱ्या डब्यातले) दाणे ओलावून गेले होते, ते पाणी व्हॉल्व्हमध्ये गोठलं. सकाळी गाडी म्हशीसारखी बसलेली. काझ्यापासून वीसच्या स्पीडने, प्रत्येक खड्ड्याला देवाचं नाव घेत. आणखी एक, गाडी पूर्ण उचलली की चाकाला खाली लोंबायला फारशी जागा उरत नाही. दगडांत ते जाणवतं. हायवेला मात्र एअरसारखं सुख नाही, सामान भरलं तरी मागून दबत नाही. तरी आता मी कॉइलवाला.

प्रश्नकर्ता
काका, मापं घेतली. मागचा डावा कोपरा रात्रीत तीन सेंटिमीटर खाली! मालक म्हणे, "थंडीमुळे होतं." एप्रिलमध्ये.

कॉइलवालीचं टोकन दिलं. चढण्याचं आईनेच सोडवलं: "देवघरातला जुना पाट टाक डिकीत." मोजला, सहा सेंटिमीटर भरला.

उत्तर १
पाटाखाली जुन्या ट्यूबचे तुकडे ठोका. चिखलात लाकूड सटकतं, आणि आई पाय ठेवणार आहे त्याच्यावर.