बिलातला कोड : अचूक की नेमका?

प्रश्न, कुडाळहून :
भाची घरी बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांचं मेडिकल कोडिंग करते, म्हणजे आजारांना आणि भेटींना बिलासाठी ठरलेले कोड लावते. तिच्या टिपणांत मी 'अॅक्युरसी'साठी 'अचूकता' लिहिलं. ती म्हणाली, "मावशी, चूक नसलेला कोडसुद्धा वाईट असू शकतो." मग शब्द कोणता घ्यावा? आणि 'अपकोडिंग'ला, म्हणजे खऱ्यापेक्षा वरचा, जास्त पैशांचा कोड लावण्याला, काय म्हणावं?

उत्तर, गुहागरहून :
ताई, भाचीचं बरोबर आहे. मीही हेच काम करतो. 'अचूक' म्हणजे चूक नाही, एवढंच. इथे हवा तो 'नेमका', जेवढ्यास तेवढा.

आपलंच उदाहरण घ्या. लावणीच्या दिवसांत चिखलात राबलेला माणूस तापाने येतो. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) सिद्ध झाला, पण प्रकार कळला नाही, तर आयसीडी-१० या आजारांच्या कोडयादीत ए२७.९. तरीही आर५०.९, म्हणजे नुसता ताप, लावला तर ते खोटं नाही, पण आजार लपला. उलट केसपेपरवर 'लेप्टो असावा' एवढंच असेल, तर अमेरिकेच्या नियमाप्रमाणे बाह्यरुग्णाला संशयित आजाराचा कोड लावत नाहीत, तिथे आर५०.९च नेमका. म्हणजे नेमकेपणा कागदावर काय लिहिलंय त्यावर ठरतो, कोडर काय ओळखतो त्यावर नाही. डॉक्टरांनी तपशील लिहिला नाही तर आमचे हात बांधलेले, आणि याचा मला खरंच त्रास होतो.

'अपकोडिंग'ला मी 'कोड चढवणे' म्हणतो.

मालवणहून :
'फुगवणे' का नको? बिल फुगवलं असं सगळेच म्हणतात.

गुहागरहून :
फुगते ती रक्कम. इथे पायरी बदलते. डॉक्टरांच्या भेटीचेही कोड असतात: जुन्या रुग्णाच्या भेटीला ९९२१३, त्याच्या वरची पायरी ९९२१४. वेळेवर मोजलं तर पहिलीला किमान २० मिनिटं, दुसरीला ३०. नाहीतर निर्णय किती गुंतागुंतीचा होता ते पाहतात. बावीस मिनिटांच्या साध्या भेटीला ९९२१४ लावला, की चढवला. आणि बिलांच्या तपासणीच्या धास्तीने सरसकट ९९२१३ लावणं म्हणजे 'उतरवणे'. तेही चूकच, डॉक्टरांच्या खऱ्या कामाचे पैसे बुडतात.

कुडाळहून :
'चढवणे-उतरवणे' भाचीला लगेच पटलं. कोडला 'संकेतांक' लिहू का?

मालवणहून :
त्यात 'अंक' आहे, आणि ए२७.९ अक्षराने सुरू होतो. 'कोड'च ठेवा, ताई.